बूथवरची आई

तळेगाव ढमढेऱ्याला जीप भरेपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो. मी इंग्लंडला पीएचडीला निघाले होते आणि आप्पा जीपवाल्याला सारखे बजावत होते, "पोरीची बॅग टपावर टाकू नगंस." मेंढरांमागं महिनोन्‌महिने फिरलेलं आमचं घराणं, जाण्याचं आम्हाला कसलं कौतुक! पण एकटी पोर निघाली तेव्हा आई जीपमागं वळणापर्यंत चालत आली.

खेड्यात टेलिफोन, कॉम्प्युटर आले की माणसांचं वागणं कसं बदलतं, हा माझा विषय. "ह्यात काय शोधायचं?" असं माझ्या गावचे तुम्ही सगळे वडगाव रासाईकर हसून विचारायचात. खरंच म्हणा, सगळं तुमच्यासमोरच तर चालायचं. रविवारी मी रशीदमामांच्या एसटीडी बूथवर फोन लावायची, मामा आईला बोलावणं धाडायचे आणि तिच्या मागोमाग अर्धी आळी हजर. इंग्लंडपर्यंत आवाज जावा म्हणून आई ओरडायची, "कवा येतीस गं? शिकून झालं की लगीच ये, बया!" मागून कुणीतरी, "गोरा जावई आणू नगं म्हनावं!" मग हशा. फोन ठेवला की खोलीत हीटरची घरघर तेवढी उरायची. माझ्यासारखे बाहेर पडलेले हे वाचत असाल, तर ती खोली तुम्हाला ठाऊक आहे.

पीएचडी झाली आणि तिथल्याच युनिव्हर्सिटीत पर्मनंट नोकरी चालून आली. आठवड्यात कळवायचं होतं. आप्पांनी तर गावभर सांगून ठेवलेलं, पोरगी येतीय, दौंडच्या कॉलेजात लागंल. माझा जीव टांगणीला.

त्याच सुमारास धाकट्या भावानं मोबाईल घेतला. मी फोन केला तेव्हा मोबाईल आईजवळ होता, आणि आई कांद्यात एकटीच खुरपत होती. इतकं हळू बोलली की आधी मला तीच वाटेना.

"ऐक. येऊ नगंस. नोकरी धर."

"अगं, तूच तर दर रविवारी..."

"चारचौघांत आईनं जा म्हनलेलं बरं दिसतं व्हय? आप्पास्नी मी समजावते."

मला राग आला, हायसं वाटलं आणि रडूही आलं. नोकरी मी धरली.

हे मी संशोधनाच्या कुठल्याच पेपरात लिहिलं नाही. मी गावी आले की कुणाच्याही लग्नाच्या मांडवात, चारचौघांत, ती शेवटपर्यंत विचारत राहिली, "कवा येतीस कायमची?" मीही "येते की" म्हणायची. आता आई-आप्पा दोघंही नाहीत, म्हणून सांगते.

घर कुठं विचारलं तर अजून वडगाव रासाईच तोंडात येतं. गावी आले की तुम्ही सगळे मायेनं म्हणता, ये की आता कायमची. जा म्हणणारं मात्र तिथं कुणी उरलं नाही, आणि एवढ्या माणसांत मला पोरकं वाटतं.