शुगरनं गेली म्हणतात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कूलरची खस बदलली. मार्च संपत आला होता. नागपूरकडे त्या दिवसांत घरोघरी मागच्या दारी हेच चाललेलं असतं. मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपटायचं, जाळी धुवायची, नवी खस भरायची, तारेनं बांधायची. मी तार ओढत होतो, बायको जाळी धरून उभी होती. टाकीतलं गढूळ पाणी मोरीकडे वाहत होतं आणि ती त्यातच अनवाणी उभी.

तेव्हा तिचा पाय दिसला. अंगठ्याला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, आणि ती चिंधी पिवळी पडलेली.

"काहून वं, पायाले काय झालं?"

"काही नाही जी. चप्पल चावली."

"दुखून राहिलं का?"

"नाही. काहीच नाही होत." मग म्हणाली, "तार जास्त नका आवळू, जाळी वाकते."

एवढं बोलली हेच मला त्या दिवशी पुष्कळ वाटलं. दिवसाला चार शब्द बोलणारी बाई झाली होती ती. मी खूश होऊन तारेकडे वळलो, पायाकडे परत पाहिलं नाही. चौथ्या दिवशी ताप भरला, पाय गुडघ्यापर्यंत सुजला. दवाखान्यात अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी तिला पांढऱ्या कापडात घरी आणली.

दवाखान्याच्या कागदावर शुगर लिहिलं आहे. शुगर, पायाची जखम, जखमेचं विष रक्तात गेलं. सातवीपर्यंत शिकलो आहे, एवढं वाचता येतं मला. कागद खोटा नाही, पण पुराही नाही. शुगर तिला वीस वर्षांपासून होती. गोळी कधी चुकवली नाही तिनं. लग्नाला गेली तरी पदराच्या गाठीत गोळी. मग अशा बाईनं गोळ्या घेणं सोडलं कशानं, हे कोणी विचारलं नाही. दवाखान्यात नाही, विहारात नाही, घरी भेटायला आलेल्या दोनशे लोकांतही नाही.

मीच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी ती गप्प व्हायला लागली. लोक विचारतात, काय झालं होतं? काही झालं नव्हतं. कोणी मेलं नव्हतं, भांडण नव्हतं. मी वीज केंद्रातून रिटायर झालो होतो, खापरखेड्याला दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, मुलगी नागपुरात सुखानं नांदत होती. तरी ही बाई सकाळी उठून खाटेच्या काठावर बसायची ती बसूनच राहायची. चहा उतू जाऊन गॅस विझला तरी तिला पत्ता नाही. रविवारी विहारात बायकांना वंदनेला गोळा करणारी ती. तिनं विहारात जाणं सोडलं. केस विंचरणं सोडलं.

मी काय केलं? मी ओरडलो. "खायले आहे, प्यायले आहे, आता तुले काय कमी आहे वं?" हिंमत ठेव म्हणालो. हिंमत काय डब्यात भरून ठेवलेली असते, झाकण काढलं आणि घेतली? रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठीक. शेवटी एका डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली, मनाच्या डॉक्टरला दाखवा. मी ती चिठ्ठी तिथंच चुरगाळली. माझी बायको पागल आहे का म्हणून त्याला दोन शब्द सुनावले आणि छाती काढून बाहेर आलो. मोठा शहाणा.

मुलीनं ऐकलं नाही. आईला घेऊन नागपुरात रामदासपेठेत मनाच्या एका डॉक्टरीणबाईकडे गेली. मी खाली ऑटोत बसून राहिलो, वर चढलो नाही. परत आल्या तर गोळ्यांचा पुडा हातात. मुलगी म्हणाली, "बाबा, बाईनं बजावून सांगितलं आहे, त्या सांगत नाहीत तोवर गोळी बंद करायची नाही. बरं वाटलं तरी नाही."

आणि बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. दोन महिने काही नाही, तिसऱ्या महिन्यात एका सकाळी माझ्या आधी उठून अंगण झाडत होती. भाजीवाल्याशी भांडली. वांगं आतून किडकं निघालं म्हणून गाडीमागं अर्ध्या गल्लीपर्यंत गेली. मी दारात उभा राहून हसलो. माझी बाई परत आली होती.

आता माझी चूक ऐका.

मी कोळसा विभागात पट्ट्यावर तीस वर्षं काम केलं. पट्टा म्हणजे कोळसा वाहून नेणारा रबराचा लांब रस्ता, खाली लोखंडी रोलर. दुरुस्तीला हात घालायच्या आधी परमिट घ्यावं लागतं. वीज बंद केली आहे, माणसं काम करून राहिली आहेत, असा तो कागद. काम झालं, पट्टा फिरला, आवाज बरोबर आला की सही करायची आणि कागद परत द्यायचा. मग तो पट्टा आपला राहत नाही, आपण हात धुऊन चहाला जायचं. बायकोचंही मी तेच केलं. हसली, बोलली, भांडली. पट्टा फिरला. परमिट परत.

पण नुसतं तेच नाही. लाजही होती. माझा एक जोडीदार आहे, पट्ट्यावर बावीस वर्षं सोबत होतो, मागच्याच गल्लीत राहतो. कोणीतरी आम्हाला रामदासपेठेत पाहिलं आणि त्याला सांगितलं. चहाच्या टपरीवर आठ-दहा जण बसले असताना तो म्हणाला, "काय गा, वहिनीले करंट देऊन राहिले म्हणते ना तिकडं? अरे मंग एवढ्या दूर काहून नेतो? आपल्या प्लांटात आण, फुकट देऊ!"

सगळे हसले. मीही हसलो. आता सांगायलाही लाज वाटते, पण हसलो.

त्याच आठवड्यात मी गोळ्यांचा पुडा कपाटावर फेकला. ती म्हणाली, "गोळी?"

"आता काय गरज आहे? चांगली तर आहेस."

"तुमी म्हणता तर," ती म्हणाली. आयुष्यभर माझ्या प्रत्येक गोष्टीला फाटे फोडणारी बाई, नेमकी तिथं ऐकून गेली.

दोन-तीन महिन्यांत ती परत खाटेच्या काठावर. मुलगी फोनवर विचारायची, मी सांगायचो गोळ्या सुरू आहेत. दिवाळीला मुलीला तो पुडा सापडला, मोठं भांडण झालं, पण तोवर आई गोळी घ्यायला, डॉक्टरीणबाईकडे जायला, जागची हलायलाही तयार नव्हती. आणि या सगळ्यात तिनं शुगरच्या गोळ्याही सोडल्या होत्या. विचारलं की घेतली म्हणायची. ज्याला जगण्याचाच कंटाळा आला आहे तो शुगरची गोळी कशासाठी घेईल? पायाला काही होत नाही म्हणाली ते खरंच होतं. शुगरनं पाय बधिर झाला होता. बाकीची ती त्याच्या आधीच बधिर झाली होती.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मरणानंतरच्या विधीच्या दिवशी घरासमोर मांडव टाकला. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलू लागला. एका रिटायर मास्तरनं अर्धा तास घेतला. शुगर हा मोठा शत्रू आहे, भात कमी करा, चहा बिनसाखरेचा घ्या, सकाळी चालायला जा. लोक माना डोलवून राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दर रविवारी विहारात मनाबद्दल ऐकतात हे लोक, मन सांभाळा, मन शुद्ध ठेवा. आणि त्याच मनाला आजार झाला की तोंडाला कुलूप.

मी उठलो. माईक नाही घेतला, माझा आवाज पट्ट्यावर कमावलेला आहे.

"ती शुगरनं नाही गेली. मनाच्या आजारानं गेली. त्या आजाराची गोळी चालू होती, ते मी बंद केली. लाज वाटली म्हणून बंद केली. आता ज्याले जेवायचं त्यानं जेवावं."

जोडीदार बाजूलाच होता. माझा सदरा ओढून म्हणाला, "बस गा, बस खाली. लोक म्हणतील डोक्यावर परिणाम झाला."

"झालाच आहे," मी म्हणालो. "तीन हप्ते झोपलो नाही. मुलीनं माझाही नंबर लावला आहे त्या बाईकडे, उद्याचा. म्हणू दे."

मग पंगतीतून वरणाची बादली फिरली आणि लोक सुटल्यासारखे जेवायला लागले. जाताना एकेक जण खांद्यावर हात ठेवून तेच ते. मनाला लावून घेऊ नका. होणारं होतं. मर्दानं खचू नये. मी काही बोललो हे जसं कोणी ऐकलंच नव्हतं.

सगळे गेल्यावर मांडवाच्या मागं, भांडी घासत होते तिकडं, जोडीदार आला. उगाच एक द्रोण हातात घेऊन फाडत उभा राहिला.

"ते डाक्टरीणबाई किती वाजता बसते गा?"

"कोणाले पाहिजे?"

"आमच्या एका पाहुण्याले."

"कोणता पाहुणा?"

द्रोणाचे चार तुकडे झाले. मग खाली पाहत म्हणाला, "रिटायर झाल्यापासून, दोन वर्षं झाली, झोप नाही. प्लांटचा भोंगा झाला का रडू येते. घरच्यांसमोर हसतो मी, तुले माहीत आहे. एकटा असलो का वाटते, कायले राहून राहिलो आपण. कोणाले सांगू नको, तुले शपथ आहे."

मला राग आला. खरं सांगतो, त्याची दया नंतर आली, आधी रागच आला. "याच तोंडानं करंट म्हणाला होता तू."

"हो."

"त्या दिवशी तुले झोप येऊन राहिली होती?"

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशीही नाही."

बावीस वर्षं सोबत डबा खाल्ला. रोलर बिघडला तर त्याचा आवाज आम्ही दोघं शंभर पावलांवरून ओळखायचो. याचं हे मला कळलं नाही आणि माझ्या घरचं त्याला कळलं नाही.

"उद्या साडेसातची बस," मी म्हणालो. "मी थांब्यावर राहतो."

"बायकोले काय सांगू?"

"जे आहे ते."

दुसऱ्या दिवशी मी सातलाच थांब्यावर जाऊन बसलो. साडेसातची बस आली. तो आला नाही. कंडक्टर म्हणाला, चला काका, मी हात हलवून जा म्हटलं. मग तसाच उठून त्याच्या गल्लीत गेलो. त्याच्या बायकोनं दार उघडलं.

"ते तं बाजारात गेले भाऊजी."

त्याच्या चपला दारातच होत्या. तिनं माझ्या नजरेकडे पाहिलं आणि तिचीही नजर चपलांवर गेली.

मी पायरीवर बसलो. जोरात म्हणालो, "मी बसून राहिलो आहे इथी. मले आता घरी काही काम नाही. डाक्टरकडे जायले नऊची बस आहे, दहाचीही आहे."

आतून त्याचा आवाज आला, "तू जा गा बावा. गल्लीत तमाशा नको करू."

"तमाशाच करून राहिलो," मी म्हणालो. समोरच्या घरातल्या दोन बायका गॅलरीत आल्या. येऊ दे.

त्याची बायको चहा घेऊन आली. कप हातात देताना हळूच म्हणाली, "भाऊजी, कायचा डाक्टर आहे?"

"मनाचा," मी मोठ्यानं सांगितलं. "मीही दाखवणार आहे. तुमचा माणूस दोन वर्षं झोपला नाही वहिनी."

ती आत गेली. बराच वेळ आतून फक्त तिचाच आवाज येत होता, हळू, मधे मधे थांबून. मी चहा पिऊन कप बाजूला ठेवला, पाय जवळ घेतले आणि तिथंच बसून राहिलो.