भिंगाबाहेरची बाग

ता. ४ एप्रिल १९८७ रोजी रुपचंद बैसाणे यांनी आग्रा रोडवरच्या मगनच्या स्टुडिओतून छत्तीस फोटोंचा रंगीत रोल अडुसष्ट रुपये पन्नास पैशांना घेतला. मी सोबत होतो. धुळ्यात आम्ही एकाच कचेरीत कारकून आणि देवपुरात शेजारी. फाटक्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब करणाऱ्या या माणसाची एवढीच उधळपट्टी मी पाहिली.

त्यांच्या पत्नी झुंबरबाई मणक्याच्या क्षयामुळे डिसेंबरपासून प्लॅस्टरमध्ये पडून होत्या. मुळीच हलवायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. घरामागची बाग त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली. मोगरा, जास्वंद, झेंडू, लिंबू. त्यांच्या खोलीची खिडकी मात्र रस्त्याकडे. "बाग कशी शे?" त्या रोज विचारत.

म्हणून रुपचंदांनी मेहुण्याचा जुना कॅमेरा आणला. पुढे भिंग लावून ते सकाळी सातला लिंबाच्या झाडापुढे उकिडवे बसत. पान कुरतडणारी हिरवी अळी, मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी, गळा फुगवलेला सरडा. एकेका किड्यासाठी अर्धा अर्धा तास.

"नाना, अख्ख्या रोलमध्ये एक माणूस नाही!" मगन रुपचंदांवर वैतागला. "लग्नसराईत लोक नवऱ्या आणतात, तुम्ही अळ्या."

"अळी नीट बसते. तुझ्या नवऱ्या हलतात."

झुंबरबाई एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहत. सरड्याला बघून हसल्या, "हाऊ तर तुमना सायबसारखा दिखस!" मग फोटो खाली ठेवून म्हणाल्या, "किडा दिखस. मन्ही बाग कोठे दिखस? जरा मांगे सरकीसन काढा ना."

रुपचंद माझ्याकडे पाहू लागले. ते मागे का सरकत नाहीत, हे मला ठाऊक होते. नळाला आठ दिवसांनी पाणी येत होते. मोगरा, जास्वंद, झेंडू मार्चमध्येच जळून गेले होते. भांडी धुतलेल्या पाण्यावर फक्त लिंबू तगले होते. भिंग लावले की भोवतालचे काही दिसत नसे.

आणखी एक रोल त्यांनी तसाच काढला. मे अखेरीस मला म्हणाले, "आता लपवणे जमत नाही."

"प्लॅस्टर निघेपर्यंत थांबा," मी म्हणालो.

ते थांबले नाहीत. भिंग काढून मागच्या दारातून त्यांनी सगळी बाग टिपली. फोटो झुंबरबाईंच्या हातात दिला तेव्हा मी तिथेच होतो. काटक्या, भेगाळलेली माती, कोपऱ्यात एक हिरवे झाड.

"माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. "यंदा मोगराना वासच उना नही, तवयच समजनं."

"मंग तू बोलनी का नही?"

"तुम्ही फोटो काढीसन खूश व्हईसन घरमा येत. मंग काय बोलू?"

मग त्यांनी फोटोवर बोट ठेवले. "आठे मोगरा व्हता. आठे जास्वंद." बोट बराच वेळ तिथेच राहिले.

सप्टेंबरात प्लॅस्टर निघाले. त्यांना धरून मागच्या दारात बसवले, तेव्हा पावसाने तिथे कमरेएवढे गवत माजले होते. त्या पाहत राहिल्या. "हाई मन्ही बाग नही," म्हणाल्या आणि आत न्यायला सांगितले. काटक्यांचा तो फोटो त्यांनी शेवटपर्यंत उशाशी ठेवला.

मगन पुढे स्टुडिओ बंद करून सुरतेला गेला. त्या फोटोचे त्याचे साडेतीन रुपये द्यायचे राहिले आहेत.