उतरताना काढ

"उडताना नको. उतरताना काढ."

सर हे म्हणायचे आणि माझ्या कागदावर बोट ठेवायचे. बोट नेहमी पायांवर. चेहरा, दंड, पाठीवर फडफडणारं कापड यांच्याकडे ते बघायचेही नाहीत. "याचे पाय कुठं टेकलेत? टेकले नाहीत ना? मग अजून काही घडलंच नाही."

निवृत्त झालेले पीटीचे सर तुम्हीही पाहिले असतील. निळा ट्रॅकसूट, कॅनव्हासचे पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, आणि रस्त्यानं चालतानासुद्धा पोरांना रांगेत नेत असल्यासारखी चाल. भिंगारच्या आमच्या गल्लीतले सर अगदी तसेच होते. वेगळ्या गोष्टी दोनच. गळ्यातली शिट्टी त्यांनी वाजवलेली गल्लीत कुणीही ऐकली नव्हती. आणि ते सुपरहिरोचं पुस्तक लिहीत होते.

मी पारनेर तालुक्यातल्या एका गावातून चित्रकला शिकायला नगरला आले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते ते घरी सांगणं अवघड जायचं. वडील विचारायचे, "परीक्षेला काय असतं गं?"

"हात काढायचे असतात."

"नुस्ते हात?"

"पुढच्या वर्षी पूर्ण माणूस."

ते "बरं" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

भिंगारला मी दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली होती. सर आणि काकू वरच्या मजल्यावर राहायचे. एकदा मी जिन्यात बसून कॉलेजचं काम करत होते, पळणाऱ्या माणसाचं चित्र. सर भाजीची पिशवी घेऊन वर चढत होते, ते थांबले.

"हा पडणार," ते म्हणाले.

"कोण?"

"हा तुझा. वजन सगळं पुढं आणि पाय मागंच राहिलेत. अजून दोन पावलं, की तोंडावर."

मग ते तिथंच, जिन्याच्या पायरीवर, पळण्याच्या पवित्र्यात उभे राहिले. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत होती. मी पाय खोडून पुन्हा काढले, आणि खरंच, माणूस कागदावर उभा राहिला. सरांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. पण त्यानंतर त्यांनी मला कायम "खेळाडू" म्हणूनच हाक मारली. ते सगळ्यांनाच खेळाडू म्हणायचे, दूधवाल्यालासुद्धा.

पुस्तकाची गोष्ट त्यांनी पुढच्या आठवड्यात काढली, तीही थोडी लाजत. "मी एक चित्रांचं पुस्तक लिहितोय. चित्रं सोडून बाकी सगळं झालंय."

त्यांच्या हिरोचं नाव होतं ढांग्या. पारनेरकडच्या एका वस्तीवरचा पोरगा, एका ढांगेत डोंगरावरून थेट नगरला पोचणारा. पण शक्ती अशी, की दिवसाला उडी एकच. त्यामुळे ढांग्या जाताना उडत जायचा आणि येताना एसटीनं यायचा. एका पानावर कंडक्टर त्याला म्हणतो, "वरून जायचं तर वरून जा. आत बसलास तर तिकीट काढ." मी विचारलं, "सर, सुपरहिरो तिकीट काढतो का?" ते म्हणाले, "माझा काढतो."

त्यात खलनायक नव्हता. मी चार सिनेमे बघितलेली, मला ते चुकल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, "कुणीतरी वाईट माणूस पाहिजे ना. नाहीतर ढांग्या लढणार कुणाशी?"

"लढायचं कशाला? पडणारी माणसं कमी हायेत का?"

ढांग्या फक्त पडणाऱ्यांना झेलायचा. विहिरीच्या काठावरून पाय घसरलेली बाई. परांचीवरून निसटलेला रंगारी. चिंचेच्या झाडावरचं पोरगं. एक म्हैससुद्धा, ती मात्र झेलताना ढांग्याची कंबर धरली आणि पुढची दोन पानं तो शेक घेत पडून होता. सरांचं लिखाण वाचायला मजा यायची, कारण ते कवायतीसारखं असायचं. 'चित्र पहिले. ढांग्या दोन पावले मागे. दीर्घ श्वास. नजर समोर. चित्र दुसरे. उडी दाखवू नये.'

सरांना चित्र अजिबात यायचं नाही. म्हणून ते प्रत्येक चित्र करून दाखवायचे. रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर जायचो. खांद्याला टॉवेल बांधून सर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढायचे, उडी मारायचे, आणि पाय टेकले की तसेच थांबायचे. मी मोबाईलवर फोटो काढायचे आणि त्यावरून आठवडाभर चित्र. ढांग्या तेच, रंगारी तेच. विहिरीवरची बाई करताना काकूंची ओढणी डोक्यावर घेतली होती. म्हशीच्या वेळी ते दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि मान वळवून इतक्या दुःखानं माझ्याकडे बघितलं, की हसण्यात माझे पहिले दोन फोटो हललेलेच निघाले.

शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बायका हसायच्या. काकू खालून ओरडायच्या, "साठी उलटल्यावर लोक गुडघ्याला तेल लावत्यात. आमच्या ह्यांनी खांद्याला टॉवेल लावलाय."

"अहो, शेवटचं चित्र."

"शेवटचंच व्हईल एखाद्या दिवशी."

एकदा मी ढांग्याला सिनेमात असतो तसा उतरवला. एक गुडघा जमिनीवर, एक मूठ जमिनीवर, मान खाली. मला ते फार आवडलं होतं. सरांनी बघितलं आणि डोळे मिटले.

"गुडघ्याची वाटी गेली याची. मनगट पण गेलं. आता हा कुणाला झेलतो?" मग मला शेवटच्या दोन पायऱ्यांवरून खाली उडी मारायला लावली. "चवडे आधी. मग टाचा. मग गुडघे मऊ. हळू. जमिनीला कळलंच नाही पाहिजे तू आलीस ते." मी पाचसहा वेळा उतरले. तेव्हापासून मी रिक्षातूनसुद्धा चवड्यांवर उतरते.

आणखी एक आठवण. एका रविवारी माझं बोट बटणावर जरा लवकर पडलं. सर हवेत असतानाच फोटो निघाला. ते जवळ येऊन बघायला लागले आणि म्हणाले, "हा नको. पुसून टाक." मी "हो" म्हटलं.

वर्षभरात पुस्तक होत आलं. राहिलं होतं फक्त शेवटचं प्रकरण. त्याचं सरांनी लिहून दिलेलं पान मला कधी मिळालंच नाही. विचारलं की म्हणायचे, "बघू." लिहायचे आणि फाडायचे. शेवटी त्याचं कारण मला काकूंकडून कळलं. एका दुपारी त्या मेथी निवडत होत्या, मी मदतीला बसले होते.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सर तालुक्यातल्या एका शाळेवर होते. पंधरा ऑगस्टला मुलांचा मनोरा होता, खाली मोठी मुलं, त्यांच्या खांद्यावर लहान, आणि सगळ्यात वर संजय नावाचा हलका पोरगा, हातात झेंडा. पाहुण्यांना उशीर झाला होता. मनोरा उभा असतानाच ते फाटकातून आत आले. सरांनी शिस्तीप्रमाणे शिट्टी वाजवली.

"आन् मग?" मी विचारलं.

काकूंनी काडी बाजूला टाकली. "शिट्टी वाजली की सावधान, असं ह्यांनीच शिकवलेलं. खालची पोरं हात सोडून सावधानमधी ताठ उभी राहिली."

मला कळायला जरा वेळ लागला. पोरं चुकली नव्हती. सरांनी शिकवलं होतं तेच, अगदी बरोबर, त्यांनी केलं होतं. आणि त्यांच्या खांद्यावरचे सगळे खाली आले.

बाकीच्यांना खरचटलं. संजयचा पाय मोडला आणि बरा झाल्यावर आखूड राहिला. सरांना कुणी दोष दिला नाही, संजयच्या आईवडिलांनीही नाही. काकू म्हणाल्या, "कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." संजय आता नगरला मोटरसायकलच्या सीट शिवतो. त्याचं दुकान एका चौकात आहे आणि सर त्या चौकातून कधी जात नाहीत, लांबच्या रस्त्यानं जातात.

त्यानंतरच्या रविवारी सरांनी आपणहून विषय काढला. काकूंनी सांगितलं असावं. "ढांग्या त्याला झेलतो असं काढलं, तर ते खोटं," ते म्हणाले. "नाही झेलला असं काढलं, तर मी त्याला परत पाडल्यासारखं."

मी म्हटलं, "सर, गोष्टच आहे ना ती."

"गोष्ट त्याची हाय, खेळाडू. त्याला विचारायला पाहिजे."

आम्ही गेलो. सरांनी ट्रॅकसूट न घालता इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. शिट्टी शर्टाच्या आत होती, दोरी कॉलरपाशी दिसत होती. चित्रांची पानं प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आम्ही रिक्षानं त्या चौकात उतरलो. समोर दुकान होतं. एक माणूस शिलाई मशीनवर वाकून काळं रेक्झिन शिवत होता. आम्ही रस्त्याच्या अलीकडे, चहाच्या टपरीपाशी थांबलो.

"गिऱ्हाईक हाय त्याच्याकडं," सर म्हणाले. "कामाच्या वेळी नको." आम्ही चहा घेतला. गिऱ्हाईक गेलं. सरांनी आणखी एक चहा सांगितला. तो संपल्यावर म्हणाले, "आता जेवायला बसंल तो."

मी म्हटलं, "सर, जाऊन तर येऊ."

"हळू," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी पाव्हणे आले. मग माझी परीक्षा. मग दिवाळीसाठी मी गावी गेले, आणि तिथं काकूंचा फोन आला. सकाळी सर उठलेच नव्हते. फोनवर काकू फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गच्चीवर टॉवेल तसाच वाळत हाय."

तेरावं झाल्यावर मी एकटीच त्या चौकात गेले. मला काय बोलायचं ते ठरवता येत नव्हतं. मी सरांचं नाव सांगितलं आणि पिशवी पुढे केली. संजय चाळिशीचे असतील. त्यांनी हात पुसले आणि एकेक पान बघायला लागले. कंडक्टरच्या पानावर हसले. मग पुन्हा मागची पानं उलटून बघितली.

"हे सगळे सरच हायेत की."

"हो. ते करून दाखवायचे."

"ही म्हैस पण?"

"म्हैस पण."

ते बराच वेळ हसत होते. नंतर थांबले. "मागं एकदा समोर चहा पीत उभे होते ना सर? तुम्हीच होता बरोबर. दोन चहा घेतले."

मी मान हलवली.

"मी ते स्टूल पुसून ठेवलं होतं," ते म्हणाले. कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर आता सीटचे फोम रचलेले होते. "म्हटलं, येतील."

"तुम्ही हाक का नाही मारली?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी विचित्रच विचारलं होतं. "सर हायेत ते. रस्त्यावरून सरांना हाक मारायची का?"

टपरी तिथून इतकी जवळ होती, की चहावाल्याचा कप विसळण्याचा आवाज दुकानात येत होता.

शेवटी मी शेवटच्या प्रकरणाबद्दल विचारलं. ढांग्यानं झेललं असं काढू का?

"नको. गावानं बघितलंय. हसतील."

"मग पडलेलं?"

"ते तर न्हाईच."

"मग काय काढू?"

"पुढचं काढा की. पुढचं कुणाला ठाऊकच न्हाई."

आणि त्यांनी सांगितलं. पाहुण्यांची जीप उभी होती, पण ड्रायव्हर सापडत नव्हता. सरांनी वाट बघितली नाही. संजयला दोन्ही हातांवर उचललं आणि डांबरी रस्त्यानं दवाखान्यापर्यंत पळत नेलं. "त्यांच्या गळ्यातली शिट्टी माझ्या कपाळाला लागायची. प्रत्येक पावलाला. पायाचं दुखणं मला आठवतच न्हाई. शिट्टी आठवती. आन् सर सारखं 'हळू, हळू' म्हणत होते. मी तर गप पडलो होतो. कुणाला म्हणत होते, काय माहीत."

ते एवढं सांगून पुन्हा मशीनवर बसले. मी निघताना म्हणाले, "छापलं की एक मला द्या. इथं ठेवतो, गिऱ्हाईकाला बघायला."

आता मी ते पान काढते आहे. सगळं पुस्तक तयार आहे, हे एक पान सोडून. काकूंनी मला चित्रासाठी शिट्टी दिली आहे, ती टेबलावर असते. शिट्टी जमली. रस्ता जमला. पोराला उचलून पळणारे सर जमत नाहीत. वजन पुढे जातं, पाय मागेच राहतात. दर वेळी वाटतं, हा पडणार. हे एवढंच मला कुणी करून दाखवलेलं नाही.

परवा मी मोबाईलमधले सगळे रविवार पुन्हा बघितले, कुठं तरी तसे हात, तसे पाय सापडतील म्हणून. प्रत्येक फोटोत सर उतरलेले. चवडे टेकलेले, गुडघे मऊ, टॉवेल पाठीवर खाली आलेला. तसा एकही फोटो नाही. एकच वेगळा निघाला, पुसून टाक म्हटलेला. मागे पाण्याची टाकी, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, टॉवेल डोक्याच्याही वर गेलेला, आणि कॅनव्हासचे दोन्ही पांढरे बूट जमिनीपासून हातभर वर. शिट्टी दोरीसकट हवेत उडालेली. सर खाली बघतायत, कुठं उतरायचं ते शोधत.