हरलो म्हणा, मग उठा

बुद्धिबळवाल्यांकडे किस्से लई साठतात. दोन-दोन तास तोंड दाबून बसलेला माणूस डाव संपला की बोलतच सुटतो, आणि आमच्या परळीत तर त्याला कुणी थांबवतही नाही!

*

आमच्या क्लबात नियम एकच. हरलेल्यानं मोठ्यानं "हरलो" म्हणायचं, मगच उठायचं. नियम नामदेवमामांचा. थर्मलच्या वीजकेंद्रातून रिटायर झाल्यावर क्लब त्यांनीच काढला. एकदा एक फौजदार हरले आणि न बोलता टोपी उचलू लागले. मामांनी टोपीवर हात ठेवला. "सायेब, आदी म्हना." म्हणाले की हो!

*

खोली आबासाहेबांची. आबासाहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. निवडणूक आली तशी त्यांनी खोलीत झेंडे भरले आणि कुलूप लावलं. आम्हीही हटलो नाही, क्लब मोबाईलवर नेला. पंचाईत एकट्या मामांची झाली. डोळे अधू, स्क्रीनवर उंट आणि प्यादं त्यांना सारखंच. त्यांना लाकडी पट हवा आणि पटासाठी खोली हवी. तोवर ते माझ्या शेजारी, मी सांगितलेल्या चाली नुसत्या ऐकत बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

*

ऑनलाइनवाल्यांची खोड अशी, की हरायला आले की गुल! वर "नेट गेलतं." मामा खवळले. "नेट गेलं तर जाऊ दे, तोंड कुठं गेलं बे?"

तेव्हापासून हरलेल्यानं जिंकलेल्याला फोन करून "हरलो" म्हणायचं. पुण्याचा एक पोरगा म्हणाला, "बाकीच्या ग्रुपमध्ये असं नसतं." मी म्हटलं, "मग तिकडंच खेळ!" गेला. थोड्या दिवसांनी परत आला. तिकडं म्हणे कुणी कुणाशी बोलतच नाही.

*

आष्टीचा बालाजी ऊसतोडीला कर्नाटकात गेलता. तिथून माझ्याशी हरला. रिचार्ज संपलेला, म्हणून मुकादमाच्या फोनवरून "हरलो" म्हणाला. मुकादमानं फोन हिसकावला.

"काय हरला ह्यो?"

"वजीर."

"म्हंजी किती रुपये?"

*

मांजरसुंब्याला ढाबा चालवणाऱ्या संगीताताईनं एका सरपंचाला हरवलं. फोन आला, पण सरपंचाच्या बायकोचा. "हे हरलेत. लाजत्यात."

ताई म्हणाली, "लाजू द्या. मी थांबते."

*

मग आबासाहेबांनी खोली परत द्यायचं कबूल केलं. अट एकच. उद्घाटनाचा डाव मामांनी त्यांच्याशी खेळायचा, सगळ्यांना मोबाईलवर दाखवायचा आणि बरोबरीत सोडायचा. आम्ही भडकलो. मामा "बरं" म्हणाले. मला त्यांचा रागच आला. मग त्यांचे डोळे आठवले. त्यांना खोली हवीच होती.

डाव सुरू झाला. अख्खा ग्रुप बघत होता. आबासाहेबांनी आपला वजीर थेट मामांच्या उंटाच्या वाटेत आणून ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हात पुढे केला. "मामा, बरोबरी!"

मामा पटावर वाकले. नाक लागेल इतके वाकले.

"आबासाहेब, मला कमी दिसतं," ते म्हणाले. "पन इतकं कमी न्हाई."

आणि वजीर उचलला.