लहानूच्या हेल्मेटातली अंडी

बायनाबाईच्या घरात या फागुनात कोंबडी होती एक आणि अंड्यांचे डबे पाच. यात कोंबडीचा काही दोष नव्हता. दोष होता बायनाबाईच्या जिभेचा.

मूल गावाच्या पुढे धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं, तिथं तिचं घर. नवरा लहानू राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत तीस वर्षं राबला. रिटायर होऊन दोघं गावी परतली तेव्हा पाट्यावरचा वरवंटा तिथंच राहिला, पण लहानूनं आपलं पिवळं हेल्मेट काखेत मारून आणलं. गावात कोणतं छप्पर कोसळतंय डोक्यावर, म्हणून बायनाबाईनं त्याला पुष्कळ ऐकवलं. त्यानं निमूट चुंबळ घेतली, तिच्यावर हेल्मेट उलटं बसवलं, आतल्या पट्ट्यांवर धानाच्या पेंढ्याची मऊ तणस पसरली आणि कोपऱ्यात ठेवून दिलं.

"तीस वर्सं माया डोस्क्याले सांभाळलं यानं," तो म्हणाला, "तुया अंड्याइले नाई सांभाळणार?"

आणि सांभाळलं की! पट्ट्यांच्या जाळीवर अंडी अधांतरी बसत. खालून हवा फिरे, वरून तोंड उघडं. लहानूला जाऊन तीन वर्षं झाली, तरी अंडी त्याच्याच टोपीत.

मग सून आली. मुलगा धम्मदीप चंद्रपूरच्या वीज केंद्रात, राहायला ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. सून रंजीता शिकलेली, चटपटीत, आणि सासूला घाबरणारी. सासूही सुनेला घाबरायची, फक्त दोघींना एकमेकींचं ठाऊक नव्हतं. पहिल्या खेपेला रंजीतानं एक पारदर्शक डबा आणला. आत बारा वाट्या, वर टक्‌ करून बसणारं झाकण. बायनाबाईनं तोंड भरून वाखाणला. पुढं फोनवर रंजीता विचारायची, "आई, डबा कसा आहे?" आणि बायनाबाई म्हणायची, "लय कामाचा." नव्या सुनेशी दुसरं बोलावं तरी काय? एवढी तारीफ ऐकल्यावर दुसऱ्या खेपेला मोठा डबा आला, मग स्टीलचा, मग कडीवाला. संक्रांतीला तर चिनी मातीची कोंबडी आली, पाठ उचलली की पोटात अंडी ठेवायची.

बायनाबाईनं पहिला डबा इमानदारीनं वापरूनही पाहिला होता. दिवाळीआधी तेरा अंडी त्यात साठवून कोंबडीखाली ठेवली, तर पिल्लं निघाली दोन. डबा उघडताना झाकणाला आतून थेंब लागलेले असायचे, शिजत्या भाताच्या झाकणाला असतात तसे. गड्याचाही जीव त्यात घुसमटला असता, मग अंड्याचं काय घेऊन बसता! तेव्हापासून अंडी पुन्हा हेल्मेटात. फोनवर मात्र डबा लय कामाचाच राहिला.

थंडीत कोंबड्यांवर मर आली. आठ दिवसांत वाडी रिकामी झाली, वाचली ती एकटी काबरी कोंबडी. तीही म्हातारी. पुन्हा अंड्यावर बसेल तर या एकदाच, असं बायनाबाईनं मनाशी धरलं होतं. शेजारच्या इसरूचा कोंबडा कुंपण ओलांडून यायचा, एरवी ती त्याला काठी दाखवायची, आता मूठभर तांदूळ टाकायला लागली. काबरीनं एकेक करत अकरा अंडी दिली. ही फुटली, सडली, तर तिच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेली कोंबड्यांची ओळ संपली. बाजारातून दुसरी आणता येते, पण ती बाजारातली.

काबरी खुडूक होऊन अंड्यांवर बसायची वाट पाहणं चालू होतं आणि एका सकाळी फाट्यावरून मोटरसायकलचा आवाज आला. धम्मदीप आणि रंजीता, तीन दिवसांसाठी, न सांगता.

बायनाबाईनं चुलीवरचा चहा तसाच सोडला. अकराच्या अकरा अंडी उचलून पारदर्शक डब्यात घातली, डबा फळीवर समोरच ठेवला आणि पदर सावरत बाहेर सपरीत आली, जणू काही घडलंच नाही.

झाकण तिनं मुद्दाम किलकिलं ठेवलं होतं. तासाभरानं पाहते तर बंद. रंजीतानं मुंग्या जातील म्हणून लावलं होतं. बायनाबाईनं सून पाणी भरायला गेल्यावर उघडलं, सुनेनं भाकर करता करता पुन्हा टक्‌ केलं. दिवसभर असंच. दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलत होत्या, की धम्मदीपला बरं वाटलं आणि तो झोपून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बायनाबाईला झाकणाखाली तेच थेंब दिसले. तोंड उघडावं तर सुनेचं मन मोडतं, गप्प बसावं तर काबरीची अंडी जातात.

शेवटी तोंड उघडलं काबरीनंच.

तिसऱ्या सकाळी दोघी चुलीपाशी चहा घेत होत्या. काबरी दारातून आत आली. पिसं फुलवलेली, गळ्यातून तो जाडा खुक्‌खुक्‌ आवाज. फळीकडे, त्या महागाच्या डब्याकडे तिनं मानही वळवली नाही. सरळ कोपऱ्यात गेली, रिकाम्या हेल्मेटात चढली, तणस चोचीनं इकडची तिकडं केली आणि फतकल मारून बसली. हेल्मेट डुललं, चुंबळीनं सावरलं.

रंजीतानं कप खाली ठेवला. "आई, हे बाबांच्या हेल्मेटात काऊन बसून राह्यली?"

बायनाबाईनं चहात पाहिलं. मग तिनं सगळं सांगून टाकलं: तेरातली दोन पिल्लं, झाकणाचे थेंब, परवाची मोटरसायकल आणि घाईघाईनं हलवलेली अंडी.

रंजीतानं मान खाली घातली. बायनाबाईला वाटलं, झालं, आता पोरगी रडते. पण पोरगी उठली, फळीवरून डबा काढला, झाकण उघडून बाजूला ठेवलं आणि खाली बसून हसायला लागली.

"मले वाटे, तुमाले डब्याइचा लय शौक," ती म्हणाली. "दर खेपेले चंद्रपूरचं सारं मार्केट पालथं घालत होतो मी. पुढच्या येळेस काय नेऊ, याच्यानं झोप नव्हती मले."

"तुले झोप नाई, मले ठेवाले जागा नाई," बायनाबाई म्हणाली, आणि छातीवरचा वरवंटा उचलल्यासारखं तिला मोकळं वाटलं.

दोघींनी मिळून अंडी कोरड्या फडक्यानं पुसली. अकरा अंड्यांवर पंख पसरायला हेल्मेट अपुरं, म्हणून मोठ्या टोपल्यात तणस भरली. काबरीला उचलताना तिनं सुनेच्या हातावर एक चोच मारली, तेवढ्यानं ओळख पक्की झाली. डब्यांचीही सोय लागली. एकात लाखोळीची डाळ गेली, एकात मीठ, स्टीलच्यात वालाचं बियाणं, कडीवाल्यात मिरची. झाकण घट्ट असण्याचा गुण तिथं कामाला आला. चिनी मातीची कोंबडी मात्र खिडकीत बसली. तिच्या पोटात बायनाबाईची औषधं.

मग एकवीस दिवस रोज फोन. पण आता डब्याची विचारपूस नाही, काबरी खाली उतरली का, दाणे खाल्ले का, असलं बोलणं. बोलणं संपायचं नाही. बायनाबाई फोन कानाला लावून वाडीभर फिरायची.

एकविसाव्या दिवशी टोपल्यातून चिवचिव आली. बाविसाव्याला काबरी खाली उतरली, मागोमाग नऊ पिल्लं. बायनाबाईनं दोनदा मोजली, मग उंबऱ्यावर बसली.

फोनवर आकडा ऐकून रंजीता आनंदली, आणि मग तिनं हळूच विचारलं, "दोन गेले ते माया झाकणानं का आई?"

बायनाबाईला उत्तर माहीत होतं. आता सुनेशी खोटं बोलायचं नाही, असंही ठरलेलं होतं. कुंपणावर इसरूचा कोंबडा मान ताठ करून उभा होता.

"नाई वो बाई," ती म्हणाली. "इसरूचा कोंबडाच तसा कामचोर."