बोल्ट कधी वाळतो का?

माझ्या थोरल्या जावेला कारखान्यात सगळे पन्नासबाई म्हणतात. वयावरून नव्हे, लेन्सवरून. बावीस वर्षं ती दर महिन्याला तिथल्या तुळयांवरच्या भेगांचे फोटो काढते. जमिनीवरच्या त्याच पिवळ्या खुणेवर उभी राहून, त्याच जुन्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने. ती लेन्स ना लांबचं जवळ आणते, ना स्वतःहून फोकस करते. हाताने कडं फिरवायचं आणि श्वास रोखायचा. दोन महिन्यांचे फोटो एकावर एक ठेवले की भेग वाढली का ते कळतं.

या महिन्यात इंजिनिअरने तिला नवी झूम लेन्स दिली. ताई नाकावर माशी बसू देत नाही, पण मेली लेन्स होतीच सुरेख. क्षणात फोकस, रेघ न रेघ स्वच्छ. "माझीला हे जमलं नसतं," ताई म्हणाली, आणि मला मनातून बरं वाटलं. तिच्या त्या म्हाताऱ्या लेन्सचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते.

फोटो पाहून रिपोर्ट झाला: क्रेन ज्या तुळईवर धावते तिची भेग बारीक दिसते, काळजी नाही. आज दोनच्या पाळीपासून क्रेनवर पूर्ण वजन. क्रेन चालवतात आमचे हे.

दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना-नवा फोटो मांडून ताई मला नव्या लेन्सची करामत दाखवत होती. मध्येच थांबली. भेगेशेजारच्या बोल्टवर तिने बोट ठेवलं.

"हापण बारीक झालाय."

"मग?"

"बोल्ट कधी वाळतो का गं?"

कॅमेरा वर रोखल्यावर पन्नासवर लावलेली झूमची नळी स्वतःच्या वजनाने खाली घसरली होती. पन्नासाची सत्तेचाळीस झाली असेल. फोटोतलं सगळंच लहान झालं होतं, भेगेसकट. सव्वा वाजला होता, हे कामावर निघून गेले होते, आणि आत जाताना फोन गेटवरच ठेवावा लागतो.

ताईने इंजिनिअरला फोन लावला. "चूक माझी आहे, साहेब. क्रेन थांबवा."

"रिपोर्टवर सही झालीय, बाई. पुरावा आणा."

जुनी लेन्स पायमोज्यात गुंडाळून ती निघाली. मी मागोमाग.

आम्ही पोचलो तेव्हा दोनला दहा कमी होते. हे वर केबिनमध्ये चढले होते. ताई पिवळ्या खुणेवर उभी राहिली. कडं पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. त्या घडीला मला ती लेन्स जमिनीवर आपटावीशी वाटली.

"ताई, लवकर."

"गप्प उभी राहा."

शेवटी एकदाचं बटण दाबलं गेलं.

इंजिनिअरने कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. बोल्टवर बोल्ट नेमका बसला. भेग मात्र जुन्या रेघेबाहेर बोटभर पुढे गेली होती. त्याने फोन उचलून क्रेन बंद करायला सांगितली.

"लेन्सचा दोष होता असं लिहू," तो नंतर म्हणाला.

"लेन्स घसरणारच. बघायचं काम माझं होतं. तसं लिहा."

हे खाली उतरले. "तू इथे कशाला?"

मी ताईकडे पाहिलं.

"डबा द्यायला आलीय," ताई म्हणाली, आणि लेन्ससकट पायमोजा तिने माझ्या हातात कोंबला. मी तो छातीशी धरला आणि अख्ख्या पाळीसमोर रडले.