पाहून आलो, सोय उत्तम

आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की एक पान कुत्र्याला द्यायचं, ही घरची रीत. मस्कतजवळ अल हैलला राहायला आल्यावरही आम्ही ती मोडली नाही. कंपाउंडबाहेर एक पिवळी कुत्री असायची. एकदा पान मिळालं म्हणून ती रोज दारात बसायला लागली, आणि तिच्यामागून आणखी चार आली. लळा आम्ही लावला, त्रास मात्र सगळ्या कंपाउंडला.

मे महिन्यात त्यातलं एक शेजारच्या मुलीच्या मागे लागलं, ती धडपडली. रहिवाशांच्या कमिटीची बैठक बसली. सगळी कुत्री जवळच्या बरका गावातल्या एका खाजगी निवाऱ्यात पाठवायची ठरली. पण आधी कोणीतरी तिथली सावली, पाणी, जागा बघून यायचं आणि ग्रुपवर लेखी कळवायचं. ही अट माझीच. मोठ्या तोंडानं म्हणालो होतो, कुत्री आपली जबाबदारी आहेत, नुसती उचलून फेकायची नाहीत. साहजिकच काम माझ्याच गळ्यात पडलं.

शुक्रवारी जायचं होतं. बाहेरचं ऊन बघून मी एसीतून उठलोच नाही. निवाऱ्यात फोन केला. राखणदार रत्नागिरीकडचा निघाला, गावाकडच्या गप्पा झाल्या. साहेब, एकदा येऊन जा, असं तो दोनदा म्हणाला. येतो म्हटलं, फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, 'पाहून आलो, सोय उत्तम.' भराभर अंगठे आले. मी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवलं. इतका निर्लज्ज मी कधी झालो, मलाच कळत नाही.

चंपाषष्ठीला पान वाढलं तेव्हा दारात कोणीच नव्हतं. माझी मुलगी म्हणाली, हे पान आपणच बरक्याला घेऊन जाऊया. नाही म्हणायला मला कारण सुचेना.

निवारा म्हणजे खजुराच्या बागेमागचं जाळीचं कुंपण. छप्पर निम्म्यावरच संपलेलं. पाण्याच्या पिंपात शेवाळ. राखणदारानं मला आवाजावरून ओळखलं. पिवळी कुत्री कुठाय विचारल्यावर त्यानं छप्पर नसलेल्या कोपऱ्याकडे हात केला. जूनमध्येच गेली म्हणाला, उन्हानं.

मग हळूच म्हणाला, "तुम्ही येणार म्हणून मी आठवडाभर गेटवर नजर ठेवून होतो, साहेब. माझ्या सांगण्यानं अर्बाब, म्हणजे आमचा मालक, काय शेड घालत नाय. तुमच्यासारख्यानं बघून नाय म्हटलं असतं, तर घातली असती."

पान अजून मुलीच्या हातात होतं. तिनं कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, तू तर बघून आला होतास ना?"

माझ्याऐवजी राखणदारानंच मान खाली घातली.